‘अज्ञात वाहना’चा शोध कोणी घ्यावयाचा?

वर्तमानपत्राच्या आतील पानावर, बाजारभाव आणि निधनवार्ता यांच्या सांदीत, जवळजवळ रोज एक चार ओळींची बातमी असते: ‘अज्ञात वाहनाच्या धडकेने इसम ठार.’ मृताचे अंदाजे वय, रस्त्याचे नाव, पोलीस ठाण्याचे नाव आणि अखेरीस ‘पुढील तपास चालू आहे’ हे ठरीव वाक्य, एवढाच तिचा ऐवज. ही बातमी आम्हीही वर्षानुवर्षे छापीत आलो आहो. ती छापताना आमचा हात अडखळत नाही आणि ती वाचताना वाचकांच्या हातातला चहाचा पेला थांबत नाही, हे आम्हांला लाजेने कबूल केले पाहिजे. आज तीच बातमी आम्ही आतल्या पानावरून उचलून पहिल्या पानावर आणीत आहो. कारण ‘अज्ञात वाहन’ या दोन शब्दांच्या आड जितका अन्याय झाकला जात आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही दोन शब्दांच्या आड क्वचितच झाकला जात असेल.

प्रथम हे विचारले पाहिजे की, हे वाहन अज्ञात कोणाला? मोटार ही काही रानातून आलेले आणि रानात गेलेले श्वापद नव्हे. तिला क्रमांक असतो. त्या क्रमांकापुढे परिवहन कार्यालयाच्या दप्तरात मालकाचे नाव, गाव आणि पत्ता लिहिलेला असतो. राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर नाक्यांवर चारचाकी वाहनांना फेब्रुवारी २०२१ पासून ‘फास्टॅग’ सक्तीचा झाला. तेव्हापासून कोणते वाहन कोणत्या क्षणी कोणत्या नाक्यावरून गेले, याची नोंद यंत्रच ठेवीत असते. मुंबई शहरात तर साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांची योजना २०१६ साली सरकारने वाजतगाजत सुरू केली. शिवाय माणसाला उडवून गेलेल्या गाडीचा दिवा फुटलेला असतो, तिचे बॉनेट चेपलेले असते, तिच्या रंगाचे कपचे रस्त्यावर पडलेले असतात. ती गाडी त्या रात्री कोणाच्या तरी आवारात उभी राहते आणि चार दिवसांनी कोणत्या तरी गॅरेजात दुरुस्तीला जाते. मालकाला ती ठाऊक असते, पहारेकऱ्याला ठाऊक असते, मिस्त्रीला ठाऊक असते. सारांश, वाहन ‘अज्ञात’ असते ते केवळ मृताच्या आप्तांना आणि पोलिसांच्या कागदाला!

या अज्ञानाचा पसारा किती मोठा आहे ते पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात ठोकर मारून पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात देशात घडले आणि त्यांत ३०,४८६ माणसे प्राणास मुकली. त्या वर्षी रस्त्यांवर मेलेल्यांची एकंदर संख्या १,६८,४९१ होती. म्हणजे रस्त्यावर मेलेल्या दर पाच-सहा माणसांमागे एकाला मारणारा थांबलाच नाही. रोजचा हिशेब केला तर दिवसाला ऐंशीच्या वर माणसे अशी मरतात. एखाद्या गावात एका दिवशी ऐंशी माणसे कोणी मारून पळाले असते, तर विधिमंडळ बंद पडले असते आणि गृहमंत्र्यांची खुर्ची डळमळली असती. परंतु हे ऐंशी जण ऐंशी रस्त्यांवर एकेकटे मरतात, म्हणून कोणाचीच खुर्ची हालत नाही.

कधी कधी मात्र या प्रकारातील एखादी घटना अवघ्या शहराला हलवून सोडते. ७ जुलै २०२४ च्या पहाटे साडेपाचच्या सुमारास वरळीत ॲनी बेझंट मार्गावर तशी एक घटना घडली. ससून डॉकहून मासे घेऊन स्कूटरवरून घरी परतणाऱ्या एका कोळी दांपत्याला एका भारी विलायती मोटारीने धडक दिली. पती बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. पत्नीला त्या मोटारीने सुमारे दीड किलोमीटर फरफटत नेले आणि ती माउली मरण पावली. मोटार पुढे वांद्र्यात टाकून दिलेली सापडली. ती चालविणारा तरुण, असा ज्याच्यावर आरोप आहे, तो एका सत्तारूढ पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्याचा मुलगा होता. पोलिसांनी पित्याला आणि गाडीतील नोकर-चालकाला त्याच दिवशी अटक केली; मुलगा हाती लागला तो ९ जुलैला, मुंबईबाहेर विरारकडे.

या खटल्यात अपराधी कोण, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे आणि त्यात आम्ही यत्किंचितही ढवळाढवळ करू इच्छीत नाही. पोलिसांनी अनेक पथके रवाना केली, देश सोडून जाऊ नये म्हणून नाकेबंदी केली, हेही आम्ही नाकारीत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. पहाटेच्या त्या क्षणापासून अटकेपर्यंत जवळजवळ अडीच दिवस गेले. मद्य हे शरीरात मुक्कामाला राहत नाही. शंभर मिलिलिटर रक्तातील मद्य दर ताशी सुमारे पंधरा मिलिग्रॅमने उतरत जाते, हे वैद्यकशास्त्राचे साधे गणित आहे. कायद्याने घालून दिलेली मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. तिच्या पाचपट मद्य रक्तात घेऊन गाडी चालविणारा माणूसही आठ-दहा तास दडून राहिला, तर त्याचे रक्त धुतल्या तांदळासारखे होऊन बाहेर पडते. अडीच दिवस ही तर फारच लांबची गोष्ट! वरळीतील तरुण त्या पहाटे प्यालेला होता की नव्हता, हे आम्हांस सांगता येणार नाही. परंतु ज्या एका पुराव्याने ते निःसंशय सांगता आले असते, तो पुरावा या अडीच दिवसांत संपून गेला, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आणि येथेच या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. ठोकर मारून जो पळतो, तो एकटा पळत नाही. तो पुरावाही आपल्याबरोबर घेऊन पळतो. आपला कायदा त्याला तसे करण्याची किती किंमत मोजावयास लावतो, ते वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या १३४व्या कलमान्वये अपघात करणाऱ्या चालकाने जखमी माणसाला वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आत खबर दिली पाहिजे. हे कर्तव्य जो पाळीत नाही, त्याला पहिल्या अपराधाबद्दल जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद किंवा पाच हजार रुपयांचा दंड, अथवा दोन्ही. याउलट, जो थांबला आणि ज्याच्या रक्तात मद्य सापडले, त्याच्यावर मद्यपानाचा गुन्हा तर येतोच. शिवाय निष्काळजीपणाचा आरोप मागे पडून सदोष मनुष्यवधाचा आरोप येऊ शकतो आणि मग शिक्षेची मर्यादा दहा वर्षांपर्यंत जाते. थांबणाऱ्याच्या मानेवर दहा वर्षांची टांगती तलवार आणि पळणाऱ्याच्या खिशाला पाच हजारांची चाट! या हिशेबात कोणता वकील आपल्या अशिलाला थांबण्याचा सल्ला देईल?

ही आमची कल्पना नव्हे. वांद्र्यातच घडलेले दोन खटले शेजारी शेजारी ठेवून पाहा. १२ नोव्हेंबर २००६ रोजी कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली आणि सात जण ठार झाले. तेथे चालक घटनास्थळीच हाती लागला, त्याच्या रक्तात मद्य सापडले, आणि पुढे उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. सात जिवांना तीन वर्षे पुरेशी आहेत काय, हा वाद बाजूला ठेवला तरी खटला टिकला, हे खरे. त्याआधी, २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री, त्याच उपनगरात एक मोटार पदपथावर झोपलेल्या माणसांवर चढली होती. एक जण ठार आणि चौघे जखमी झाले. त्या खटल्यात आरोपी एक विख्यात चित्रपट अभिनेता होता. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. गाडी तोच चालवीत होता आणि तो प्यालेला होता, हे सरकार पक्षाला निःसंशय सिद्ध करता आले नाही, असा तो निर्णय होता. ज्याला न्यायालयाने निर्दोष म्हटले, त्याला आम्ही अपराधी म्हणणार नाही. परंतु मग मेलेल्या माणसाला मारले कोणी? तेरा वर्षांच्या खटपटीनंतर ‘गाडी कोण चालवीत होते’ या पहिल्याच प्रश्नाचे टिकणारे उत्तर आमच्या तपास यंत्रणेला देता येऊ नये, ही नामुष्की अभिनेत्याची नव्हे. ती शासनाची आहे.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी जे घडले, त्यात तर चालक पळूही शकला नव्हता. लोकांनीच त्याला पकडून दिले होते. दोन तरुण अभियंते ठार झाले होते. तरीही रक्ताचा नमुना कित्येक तासांनी घेतला गेला आणि तो बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक करण्याची पाळी आली. घटनेची वर्दी वरिष्ठांना आणि नियंत्रण कक्षाला वेळेवर दिली नाही म्हणून दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. तीनशे शब्दांच्या निबंधाची कथा तर घरोघर पोचली आहे. सांगावयाचे तात्पर्य हे की, माणूस पळाला नाही तरी पुरावा पळू शकतो. आणि त्याला पळवून लावणारे हात कधी कधी सरकारी पगारावरचे असू शकतात.

तथापि, वरळी आणि कल्याणीनगर येथे निदान लोकक्षोभ झाला, पथके निघाली, मंत्र्यांची निवेदने झाली. ज्यांच्याबाबत यांतले काहीच होत नाही, त्या चार ओळींच्या बातमीतील माणसांचे काय? महामार्गाच्या कडेने सायकलवरून कामाला जाणारा कामगार, पहाटे रस्ता झाडणारी बाई, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी. यांच्या बाबतीत पंचनामा होतो, प्रेत शवचिकित्सेला जाते, अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा दाखल होतो आणि काही काळाने ‘ए समरी’चा कागद न्यायालयात जातो. ‘गुन्हा खरा आहे, परंतु आरोपी सापडत नाही’ असा त्याचा अर्थ. आरोपी सापडत नाही, की शोधला गेला नाही? कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. त्या काही दिवसांत एक शिपाई त्या दुकानापर्यंत चालत गेला होता काय? हद्द या ठाण्याची की त्या ठाण्याची, यावर किती तास खल झाला? दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ सालीच सांगितले. हद्दीचा विचार न करता ती नोंदविली पाहिजे, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिले आहे. आता ‘आमची हद्द नाही’ हे शब्द ठाणे अंमलदाराच्या तोंडी शोभत नाहीत. ते शब्द उच्चारणारा अंमलदार कायद्याचा भंग करीत असतो.

याहूनही लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. चालक सापडला नाही तरी मृताच्या कुटुंबाला काही साहाय्य मिळावे, अशी तरतूद मोटार वाहन अधिनियमाच्या १६१व्या कलमात आहे. पूर्वी ही रक्कम मृत्यूसाठी पंचवीस हजार आणि गंभीर दुखापतीसाठी साडेबारा हजार होती. १ एप्रिल २०२२ पासून ती अनुक्रमे दोन लाख आणि पन्नास हजार झाली. अर्ज तालुक्याच्या महसुली अधिकाऱ्याकडे करावयाचा, त्याने महिनाभरात अहवाल द्यावयाचा आणि जिल्हाधिकाऱ्याने मंजुरी द्यावयाची, असा सरळ मार्ग आहे. मग हे पैसे किती जणांना मिळाले? २०२४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयासमोर जे आकडे आले, त्यांवरून पाच वर्षांत मिळून ६६० मृतांच्या कुटुंबांना आणि ११३ जखमींना ही मदत मिळाली होती. एकंदर रक्कम १८४.६० लाख रुपये. एका वर्षात तीस हजारांवर माणसे मरतात आणि पाच वर्षांत ६६० घरांना मदत पोचते! कायदा तिजोरीत आहे, पण तिजोरीची किल्ली कोठे आहे हे विधवेला कोणी सांगतच नाही.

हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट आदेश दिले. गुन्हा नोंदविल्यापासून एका महिन्यात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्याने जखमीला अथवा मृताच्या वारसांना लेखी कळविले पाहिजे की, या योजनेखाली तुम्हांला भरपाई मागता येते. अर्ज कोणाकडे करावयाचा, त्याचा पत्ताही दिला पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यांत देखरेखीची समिती असावी व तिने निदान दोन महिन्यांतून एकदा बसावे, असेही न्यायालयाने सांगितले. एक पत्र! न्यायालयाने पोलिसांकडे काही आकाशातले तारे मागितलेले नाहीत. दोन लाखांनी गेलेला माणूस परत येत नाही, हे कोणीही सांगेल. परंतु कर्ता पुरुष गेलेल्या घरात त्या दोन लाखांनी मुलांची शाळा सुटत नाही, खोलीचे भाडे थकत नाही, आणि ‘तुमचा माणूस मेला याची शासनाला दखल आहे’ एवढे तरी त्या घराला कळते. हे पत्र न पाठविणारा अधिकारी त्या घराला दुसऱ्यांदा ठोकर मारून पळत असतो, असे म्हणणे प्राप्त आहे.

पळून जाणाऱ्याला जबर शिक्षा ठोठावा, म्हणजे सर्व काही सुरळीत होईल, असे मानणारा एक पक्ष आहे. नव्या न्याय संहितेच्या १०६व्या कलमात तसे एक पोटकलम घालण्यात आले होते: अपघातात मृत्यू घडवून, पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना तातडीने न कळविता जो पळेल, त्याला दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारींच्या चालकांनी त्याविरुद्ध संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली ती हे पोटकलम बाजूला ठेवून. चालकांचे म्हणणे असे होते की, आम्ही थांबलो तर जमाव आम्हांला जिवंत सोडणार नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? अपघात झाला की चूक कोणाची हे न पाहता मोठ्या गाडीवाल्याला बडवून काढण्याची आणि गाडी पेटवून देण्याची रीत आमच्याकडे आहेच. परंतु कायद्याने या भीतीची दखल पूर्वीच घेतली आहे. जमावाच्या प्रक्षोभामुळे थांबणे शक्य नसेल, तर तेवढ्यापुरती चालकाला १३४व्या कलमातच सवलत आहे. जमावाच्या भीतीने निघून थेट पोलीस ठाण्यात जाणारा माणूस पळपुटा नव्हे. पळपुटा तो, जो ठाण्याऐवजी शेतघराकडे जातो, भ्रमणध्वनी बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जागी पगारी चालकाला उभा करतो. हा भेद स्पष्ट करून सांगण्याऐवजी सरकारने आधी दहा वर्षांची आरोळी ठोकली आणि मग संपापुढे मौन पत्करले. दोन्ही वेळा मूळ प्रश्न जेथल्या तेथेच राहिला. गुन्हेगाराला शिक्षेच्या लांबीची भीती वाटत नसते. सापडण्याच्या खात्रीची वाटते. जेथे सापडण्याचीच खात्री नाही, तेथे दहा वर्षे काय आणि वीस वर्षे काय, सारखीच!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना नवा कायदा लागत नाही, नवा पैसा तर मुळीच लागत नाही. पहिली, ठोकर मारून पळाल्याची वर्दी येताच पहिल्या दोन तासांत काय करावयाचे, याचा बांधील क्रम प्रत्येक ठाण्यात असावा: नियंत्रण कक्षाला वर्दी, नाक्यांवर संदेश, आजूबाजूच्या सर्व कॅमेऱ्यांतील चित्रण ताब्यात, रस्त्यावरील काचा आणि रंगाचे तुकडे जप्त, परिसरातील गॅरेजांना सूचना. यांतील प्रत्येक गोष्ट कोणत्या मिनिटाला झाली, हे स्टेशन डायरीत लिहिले जावे. धडक बसलेला माणूस झोपडीतला होता की बंगल्यातला, यावरून या क्रमात एका मिनिटाचाही फरक पडता कामा नये. मालकाला ‘गाडी कोण चालवीत होते’ हे विचारण्याचा आणि त्याने ते सांगण्याचा नियम १३३व्या कलमात आहे. तो पहिल्याच दिवशी वापरला जावा.

दुसरी मागणी कायदेमंडळाकडे आहे. पोलिसांनी मागितलेली श्वासाची वा रक्ताची तपासणी जो सबळ कारणावाचून नाकारतो, त्याचा तो नकार त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला पुष्टी देणारा मानता येतो, असे मोटार वाहन अधिनियमाचे २०५वे कलम सांगते. जो समोर उभा राहून ‘रक्त देत नाही’ म्हणतो, त्याला हा नियम लागतो. मग जो रक्त देण्याची वेळच येऊ नये म्हणून दोन दिवस दडून बसतो, त्याला तो का लागू नये? केवळ पळणे म्हणजे अपराध नव्हे, असे न्यायालये मानीत आली आहेत आणि सामान्यतः ते योग्यही आहे. परंतु ज्याच्यावर थांबण्याचे वा कळविण्याचे कर्तव्य कायद्यानेच टाकले आहे, त्याने आपण का दडून बसलो हे सांगितलेच पाहिजे, एवढा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होणार नाही. पळण्यातला फायदा काढून घ्या. पळणारे आपोआप कमी होतील.

तिसरी मागणी सर्वांत लहान आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याबाहेर एक फळा असावा. या महिन्यात ‘अज्ञात वाहना’चे गुन्हे किती नोंदले, त्यांतील वाहने किती सापडली, न्यायालयाने सांगितलेली पत्रे किती घरांना पाठविली आणि किती घरांना पैसे मिळाले, हे चार आकडे त्यावर लिहावे. ज्या ठाण्याला ते लिहिण्याची लाज वाटेल, ते ठाणे काम करू लागेल.

आता दोन शब्द आमच्या वाचकांशी. पोलिसांना दोष देणे सोपे आहे, आणि तो आम्ही वर दिलाच आहे. परंतु पळून जाणारा हा कोणी परका माणूस नसतो. तो पुष्कळदा सुशिक्षित असतो, आपल्याच सोसायटीच्या आवारात गाडी ठेवतो, आपल्याच मुलांच्या शाळेत त्याची मुले जातात. मुलगा रात्री फुटक्या दिव्याची गाडी घेऊन घरी येतो आणि थरथरत काही सांगतो, तेव्हा बापाचा पहिला फोन रुग्णवाहिकेला जातो, पोलिसांना जातो, की वकिलाला? येथे त्या कुटुंबाच्या सुसंस्कृतपणाची परीक्षा असते. अपराध्याला लपविणे हाही अपराध आहे, आणि त्यातून कायद्याने फक्त पती अथवा पत्नीला वगळले आहे, आईबापांना नाही. आपल्या मुलाला जो आज लपवितो, तो त्याला वाचवीत नाही. आयुष्यभर लपत राहावयास शिकवितो. आणि गाडी मुलाने चालविली असता पंधरा-वीस हजारांच्या पगारावरच्या चालकाला ‘मीच होतो’ म्हणावयास लावणे, याला नाव द्यावयास आमच्या भाषेत सभ्य शब्द नाही.

तसेच, रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळ थांबण्याची भीती आता उरलेली नाही, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधन घातले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. जखमीला रुग्णालयात पोचविणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. तेव्हा ‘पोलिसांच्या लचांडात कोण पडणार’ ही सबब यापुढे चालणार नाही. मोटारीचा क्रमांक पाहिला असेल तर तो तेथल्या तेथे लिहून ठेवा आणि पोलिसांना द्या. गेलेल्या माणसासाठी पुष्कळदा तेवढीच एक साक्ष शिल्लक असते. आणि चालक थांबला असेल, तर त्याच्यावर हात उगारू नका. थांबणाऱ्याला मारणारा जमाव पुढच्या चालकाला पळावयास शिकवितो.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही म्हणतो, माणूस मेल्याचे दुःख आधी झाले पाहिजे. ते ज्या समाजाला होत नाही, तेथेच काळ सोकावतो. उद्याच्या अंकातही बहुधा ती चार ओळींची बातमी असेल. आम्ही ती छापू. परंतु महिना उलटल्यावर आम्ही संबंधित पोलीस ठाण्याला विचारणार आहो की, ते वाहन सापडले काय, आणि नसेल तर त्या घरी पत्र गेले काय. जे उत्तर मिळेल, तेही आम्ही छापू; आणि उत्तर मिळाले नाही, तर तेही छापू.